उल्का, अशनी आणि खनिज : ‘एर्ग शेश ००२’ला मराठीत काय म्हणावे?

फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या शिक्षिकेने शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ‘एर्ग शेश ००२’ या दगडाविषयी लिहिलेले एक वाक्य पाठवले आहे : ‘अल्जेरियाच्या वाळवंटात सापडलेली, पृथ्वीपेक्षाही जुनी आणि खनिजांनी समृद्ध अशी ज्वालामुखीय उल्का.’ जमिनीवर पडलेल्या दगडाला ‘उल्का’ म्हणता येत नाही, असा आक्षेप त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. ‘ज्वालामुखीय’ हे विशेषण बरोबर आहे का, हा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला आहे. शिवाय ‘खनिजांनी समृद्ध’ हे शब्द वाचून मुलांनी विचारले, की त्या दगडात आपल्या खाणींतल्यासारखा माल आहे का? तिन्ही शंका रास्त आहेत आणि तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे. अवकाशातून आलेला कण किंवा खडा वातावरणात शिरून पेटतो तेव्हा दिसणारी प्रकाशरेषा म्हणजे उल्का आणि त्यातून न जळता उरून जमिनीवर पोहोचलेला दगड म्हणजे अशनी, हा भेद मराठी विज्ञानलेखनात चांगला रुळलेला आहे व तो राखावा. संस्कृतात ‘उल्का’ म्हणजे पेटते कोलीतही. दिवाळीच्या अमावास्येला पितरांना वाट दाखवण्यासाठी करतात त्या उल्कादानातली उल्का ही मशालच आहे. आपल्याकडे झावळ्यांची चूड पेटवून रात्रीची वाट काढत, तीही संस्कृतच्या हिशेबाने उल्काच म्हणावी लागेल. म्हणजे या शब्दाच्या गाभ्यात जळणे आणि उजळणे आहे, उरलेला दगड नाही. ‘अशनी’चा मूळ अर्थ वज्र, वीज. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत मोठा आवाज करत कोसळणारी आणि जमीन विदारणारी ती अशनी, असे तिचे लक्षण दिले आहे. आधुनिक परिभाषेने पडलेल्या दगडासाठी हाच शब्द निवडला, ही निवड मला अत्यंत समर्पक वाटते. सामान्य वाचकासाठी ‘उल्कापाषाण’ लिहिले तरी बिघडत नाही. नुसते ‘उल्का’ मात्र टाळावे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर देण्यापूर्वी वस्तू पाहायला हवी. ‘एर्ग शेश ००२’ हा अशनी मे २०२० मध्ये दक्षिण अल्जेरियातील एर्ग शेश या वाळूच्या टेकड्यांच्या विस्तीर्ण प्रदेशात सापडला. त्याच्या तुकड्यांचे एकत्रित वजन सुमारे ३२ किलो भरते. फ्रान्समधील ब्रेस्ट शहरातले संशोधक जाँ-अलिक्स बारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याचे वय सुमारे ४५६.५ कोटी वर्षे असल्याचे दाखवले. सूर्यमालेतले पहिले घन कण तयार झाल्यावर जेमतेम वीस-बावीस लाख वर्षांत हा खडक घट्ट झाला होता, आणि पृथ्वी तेव्हा अजून पुरती आकाराला यायची होती. अग्निज अशनींपैकी इतका जुना दुसरा तोवर माहीत नव्हता. त्यामुळे वाक्यातले ‘पृथ्वीपेक्षाही जुनी’ हे शब्द निःशंकपणे ठेवावेत.

हा खडक वितळलेल्या शिलारसापासून बनला, यात वाद नाही. त्या काळातल्या लहान ग्रहपिंडांत, म्हणजे ग्रह घडण्याआधीच्या खडकाळ गोळ्यांत, ॲल्युमिनियम-२६ हे ॲल्युमिनियमचे किरणोत्सारी रूप भरपूर होते. सुमारे सात लाख वर्षांत ते निम्मे होते आणि त्याचे मॅग्नेशियम-२६ बनते. या ऱ्हासातून निघालेल्या उष्णतेने पिंड आतून वितळू लागले, आणि मागे राहिलेल्या मॅग्नेशियमच्या प्रमाणावरूनच या अशनीचे वय काढता आले. मात्र ‘ज्वालामुखीय’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर धूर ओकणारा डोंगर उभा राहतो, आणि तसा डोंगर तेथे होता असे हा दगड सांगत नाही. त्यातल्या स्फटिकांवरून दिसते ते एवढेच, की शिलारस आधी सावकाश निवत गेला आणि मग एकाएकी थंड झाला. तो पृष्ठभागावर पसरलेला लाव्हाचा जाड थर असेल, किंवा पृष्ठभागाखाली थोड्याच खोलीवर घुसून थिजलेला शिलारस असेल. शालेय भूगोलात ‘अग्निज खडक’ हा शब्द मुलांना आधीच माहीत असतो आणि तो या दोन्ही शक्यतांना सामावून घेतो. म्हणून ‘अग्निज अशनी’ हा प्रयोग मी पसंत करीन. ‘ज्वालामुखीय’ चूक नाही, पण पुराव्यापेक्षा ते एक पाऊल पुढे जाते. खडकाची जात सांगायची असेल तर ‘अँडेसाइट’ (बेसॉल्टपेक्षा सिलिका अधिक असलेला अग्निज खडक) हा शब्द आहे तसाच घ्यावा. तो अँडीज पर्वतावरून आला आहे आणि त्याचे मराठीकरण केल्याने काही साधत नाही.

आता खनिजांविषयी. गोव्यात ‘खनिज’ म्हटले की ट्रकांतून आणि बार्जांतून जाणारा लोहखनिजाचा माल आठवतो. खाणपट्ट्यात वाढलेल्या मुलाच्या कानाला या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून मुलांनी काढलेला अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही. भूविज्ञानात मात्र ठरावीक रासायनिक घडण आणि ठरावीक स्फटिकरचना असलेला निसर्गनिर्मित घन पदार्थ तो खनिज, मग त्याला बाजारात भाव असो वा नसो. ज्यातून धातू काढणे परवडते त्याला ‘धातुक’ हा वेगळा शब्द मराठीत आहे आणि तो शाळेत आवर्जून वापरला पाहिजे. डिचोली-सांगे भागातून निघते ते लोहाचे धातुक, आणि त्यातले हेमटाइट हे खनिज. जवळजवळ प्रत्येक खडक खनिजांचाच बनलेला असतो, त्यामुळे ‘खनिजांनी समृद्ध’ हे शब्द जवळजवळ कोणत्याही दगडाला लावता येतील आणि त्यांतून काहीच कळणार नाही. ते काढून टाकावेत आणि कोणती खनिजे, ते लिहावे.

आणि ती लिहिण्याजोगी आहेत. या अशनीची कापलेली चकती पाहिली तर फिकट, मातकट पार्श्वभूमीवर हिरवट आणि पिवळट-हिरवे मोठे स्फटिक विखुरलेले दिसतात. हे मुख्यतः पायरॉक्सीन या खनिजगटातले असून त्यांतला सर्वांत मोठा सुमारे नऊ सेंटिमीटर लांबीचा आहे. भोवतालच्या बारीक कणांच्या भागात सोडियमने युक्त प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि ऑजाइट व पिजनाइट हे पायरॉक्सीन आहेत. जोडीला क्रिस्टोबलाइट व ट्रिडिमाइट ही सिलिकाची (वाळूतल्या मुख्य घटकाची) रूपे, क्रोमाइट, इल्मेनाइट, लोह व गंधकाचे ट्रॉयलाइट आणि थोडे धातुरूप लोह, असा परिवार आहे. सत्तरीच्या घाटात दख्खनच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट आहे, त्यातही प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीनच प्रमुख असतात. फरक प्रमाणाचा आणि रासायनिक घडणीचा आहे. आपल्या बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण निम्मी आणि प्लॅजिओक्लेज कॅल्शियमकडे झुकलेले असते, तर या अशनीत सिलिका सुमारे ५८ टक्के आणि प्लॅजिओक्लेज सोडियमकडे झुकलेले आहे. आपला बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे, हेही मुलांना जोडीने सांगावे.

या अशनीचे दुर्मीळपण त्याच्या या घडणीतच आहे. लघुग्रहांच्या कवचातून आलेले बहुतेक अग्निज अशनी बेसॉल्टी असतात. वेस्टा या लघुग्रहाशी ज्यांचे नाते जोडले जाते ते युक्राइट त्यांतले नामांकित आहेत. पृथ्वीवर अँडेसाइट मुख्यतः एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तेथे, पाण्याच्या साहाय्याने तयार होतो. या अशनीच्या मूळ पिंडावर तशी यंत्रणा नव्हती. सोडियम न गमावलेल्या आद्य खडकाचा सुमारे पाव हिस्साच वितळला, आणि सिलिका व सोडियम प्रथम रसात उतरत असल्याने तो रसच अँडेसाइटी झाला. असे कवच त्या काळी अनेक ग्रहपिंडांवर असावे, असे संशोधक मानतात. आज मात्र या अशनीशी प्रकाशाचा वर्णपट जुळणारा लघुग्रह आढळलेला नाही. ते पिंड मोठ्या ग्रहांत सामावले गेले असावेत किंवा टकरींत फुटून गेले असावेत.

तेव्हा वाक्य असे करता येईल : ‘अल्जेरियाच्या वाळवंटात सापडलेला, पृथ्वीपेक्षाही जुना, पायरॉक्सीन आणि सोडियमयुक्त फेल्डस्पार या खनिजांचा अँडेसाइटी अग्निज अशनी.’

येथे मी ‘अशनी’ पुल्लिंगी धरला आहे. संस्कृतात हा शब्द पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्ही आहे, अमरकोशात तसे स्पष्ट सांगितले आहे, त्यामुळे ‘सापडलेली अशनी’ लिहिणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही. एका लेखात एकच लिंग पाळले म्हणजे झाले. नावाच्या बाबतीत, मूळ रोमी लेखन फ्रेंच वळणाचे असल्यामुळे ‘चेच’ न लिहिता ‘शेश’ लिहावे. अशनीला तो सापडला त्या ठिकाणाचे नाव देतात आणि एकाच प्रदेशात अनेक सापडत असतील तर क्रमांक जोडतात. हा क्रमांक नावाचाच भाग असल्याने त्यातली दोन्ही शून्ये गाळू नयेत.