पगारही पडद्यावर, पीएफही पडद्यावर?

डिसेंबर २०२०, ठाण्याहून पत्र आलंय. मल्टिप्लेक्समध्ये ड्यूटी मॅनेजर, वय ३६, एप्रिलपासून अर्धा पगार. कोविडसाठी पीएफमधून पैसे काढायची सवलत होती म्हणून दीड लाख काढलेत आणि विचारतायत, आमच्याच कंपनीचा शेअर फेब्रुवारीपेक्षा बराच खाली आलाय, घेऊन ठेवू का, लस आली की थिएटरं फुल्ल, पैसे डबल.

त्याच पत्रात पुढे लिहिलंय की नोव्हेंबरात शटर उघडलं तेव्हा एका शोला ११ माणसं होती, त्यातली ३ स्टाफच्या घरची, आणि आत खायला बंदी म्हणून पॉपकॉर्नचं मशीन झाकून ठेवलेलं. अहो, ११ गुणिले दीडशे, साडेसोळाशे रुपये, त्यातला जवळपास निम्मा वितरकाचा, उरलेल्यात एसी तरी चालतो का ते तुम्हालाच जास्त माहीत. पीव्हीआरचं एप्रिल ते जूनचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या ८८० कोटींवरून १३ कोटींच्या आसपास आलं, जुलैत ३०० कोटींचा राइट्स इश्यू काढावा लागला, म्हणजे जुन्याच भागधारकांना नवे शेअर विकावे लागले. लोक परत येतील, मलाही तसंच वाटतं. पण तोवर तग धरायला कंपन्या नवे शेअर काढत राहणार आणि दुसरीकडे निर्माते काही थांबलेले नाहीत. 'गुलाबो सिताबो' जूनमध्ये थेट प्राइमवर गेला, आणि आता ३ डिसेंबरला वॉर्नर या हॉलिवूडच्या स्टुडिओने सांगून टाकलं की २०२१ चे त्यांचे सगळे पिक्चर अमेरिकेत थिएटरात आणि एचबीओ मॅक्स या त्यांच्याच ओटीटीवर एकाच दिवशी येणार. आधी आम्ही दाखवणार, हाच तर थिएटरवाल्याचा सगळा धंदा होता. तेव्हा शेअर नको. पगार त्याच कंपनीचा आहे, तेवढा जुगार पुरे.

आता जे विचारलंच नाहीत ते.

"होम लोनचे सहा हप्ते मोरॅटोरियममध्ये वाचले" असं लिहिलंय तुम्ही. मोरॅटोरियम म्हणजे करोनात हप्ते पुढे ढकलायची सवलत, माफी नव्हे. वाचले? २८ लाख, ८ टक्के, १८ वर्षं, हप्ता साडेचोवीस हजार. सहा महिन्यांचं व्याज सव्वा लाखाच्या खालीच, पण ते मुद्दलात जाऊन बसलंय. हप्ता तोच ठेवलात तर २१६ ऐवजी २३७ हप्ते, म्हणजे आत्ता दीड लाख भरले नाहीत म्हणून शेवटी पाच लाखांवर जास्तीचे. सरकारने नोव्हेंबरात परत केलं ते फक्त व्याजावरचं व्याज, तुमच्या कर्जावर दोन हजारांच्या आतच, ते बघून खूश होऊ नका.

आणि ती बँकेतून गळ्यात मारलेली एंडोमेंट पॉलिसी, विमा आणि बचत एकत्र असलेली. वर्षाला ६० हजार, २० वर्षं, म्हणजे १२ लाख भरायचे आणि शेवटी २२ लाख, "जवळपास डबल, सर". साडेपाच टक्के होतात हो ते! ८ टक्क्यांनी कर्ज काढून साडेपाचने साठवताय आणि कव्हर सहा लाखाचं, इकडे कर्ज २९ लाखांचं. हप्ते तीन भरून झालेत, म्हणजे पेड-अप करता येईल (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू), करून टाका आणि त्याआधी एक टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, घ्या. पगार पूर्ववत झाला की वाचलेले महिना पाच हजार हप्त्यात घाला, पावणेवीस वर्षांचं कर्ज साडेतेरा वर्षांत संपतं. हा तुमचा शेअर.

पण मी खरी हबकले ती शेवटच्या ओळीला, "कंपनीचा मेडिक्लेम आहे म्हणून घरचा बंद केला". करोनाच्या वर्षात! नोकरी गेली की मेडिक्लेमही गेला, आणि घरात ६६ वर्षांचे, शुगरवाले वडील. दीड लाखातले पहिले पैसे इथे. तुम्ही, बायको आणि मुलगी यांचा एक फ्लोटर, म्हणजे तिघांत मिळून एकच कव्हर, आणि वडिलांचा वेगळा. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसी करून मिळेल का, हे एचआरला आजच विचारा, राजीनाम्याच्या दिवशी नको. उरलेले लाखभर एफडीत, तीन महिन्यांचं घर चालेल एवढे आहेत, हात लावू नका.

फॉर्म भरताना एजंट म्हणेल, "शुगरचं लिहू नका साहेब, प्रीमियम वाढेल." लिहा.