"एआय वापरलं तर मी कलाकार कसला?"

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर माझ्याकडं, म्हणजे समुपदेशनाला, एकच गाऱ्हाणं यायला लागलं. फ्लेक्सवाला, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, पत्रिका डिझाईन करणारी मुलगी, सगळ्यांचं तेच, "मॅडम, हे शिकू का नको?"

त्यातले एक सांगते, तपशील बदललेत. पंचेचाळिशीचे, सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यांना चादरीची जॅकार्ड डिझाईन, म्हणजे मागावर विणायची नक्षी, देणारे. वडील ग्राफपेपरवर चौकोन भरून नक्षी काढायचे, हे कॉम्प्युटरवर आले. झोप उडालेली, बायकोनं ढकलून आणलं.

"पार्टीचा, म्हणजे आमच्या गिऱ्हाईकाचा, पोरगा मोबाईलवर मिनिटात मोर काढायलाय ओ मॅडम. मी पण तेच वापरलं तर मी कलाकार कसला, आणि नाही वापरलं तर खाऊ काय?"

लोक इथं "काळाबरोबर चला" म्हणून मोकळे होतात, त्यानं काही होत नाही, कारण घोडं शिकण्यात अडलेलंच नसतं. मी अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाच्या वाटेनं जाणारी, त्यामुळं माणसानं मनात घातलेली अट शोधते. यांची अट अशी, की मला कष्टानं जमलं ते दुसऱ्याला सहज जमता कामा नये, नाहीतर माझी किंमत शून्य.

म्हटलं, तो मोर घेऊन या. प्रिंट टेबलावर ठेवली आणि गडी सुटलाच. "एवढे रंग चादरीत बसवणार कुठं? हितं धागा लांब मोकळा सुटतोय, बांगडीत अडकून उसवणार. डावी कड उजवीला जुळत नाही, रिपीटच तुटतोय, नक्षी पुढं सलग चालणारच नाही."

मी विचारलं, "तुम्ही कॉम्प्युटरवर गेलात तेव्हा वडील काय म्हणाले?"

बराच वेळ गप्प. "म्हणले, ही चोरी आहे. वर्षभर बोलला नाही बाप."

"मग होती चोरी?"

"छे ओ! नक्षी माझीच होती की."

आणि स्वतःच हसले. बापानं दिलेला निकाल ते इतकी वर्षं स्वतःला ऐकवत होते. हा प्रश्न मला आयत्या वेळी सुचला, आता इतरांनाही विचारते, बहुतेकांकडं असा एक बाप किंवा गुरुजी निघतोच.

तर, सुरुवात कंटाळवाण्या कामापासून करा, आवडीचं काम तूर्त हातातच ठेवा, यांनी रंगांचे पर्याय काढायला एआय घेतलं, काठ अजून स्वतःच काढतात. पार्टीपासून लपवू नका, लपवलं की अपराधीपणा वाढतो. आणि पार्टीचं डिझाईन तिला न विचारता ॲपवर टाकू नका. "एआयनं केलं, मग रेट कमी करा" असं कोणी म्हणालं तर हे सांगतात, आधी तुमचा मोर मागावर चढवून दाखवा.

झोप लागते आता. दोन पार्ट्या मात्र गेल्याच, ती काळजी खरी आहे, त्यावर आमचं अजून बोलणं चालूय.