खालचा सा बासवाल्याचा

पोरी,

तुम्हा तिघांच्या तालमीचं रेकॉर्डिंग मिळालं: तुझी पेडल स्टील (आडवी ठेवून, तारांवर पोलादी बार सरकवून वाजवायची, पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या लिव्हरांनी सूर बदलणारी गिटार), बास आणि ड्रम्स. तीनदा ऐकलं. एकदा गाडीत, एकदा हेडफोन लावून आणि एकदा कांदा चिरताना. कांदा चिरताना ऐकलेलं खरं, कारण बारमध्ये लोक साधारण तेवढंच लक्ष देऊन ऐकतात.

गिटारवाला सोडून गेला हे तू फार मनाला लावून घेतलंयस, ते पहिल्याच गाण्यात कळतं. त्याची रिकामी खुर्ची तू एकटीनं भरायला निघालीस. कॉर्ड तू, चाल तू, मधल्या जागा तू, शेवटची तिहाईसुद्धा तूच. बासवाला बिचारा काही बोलायला जातो, तेवढ्यात तू तिथे हजर.

मी हे शहाणपणानं सांगत नाही, अंगावर आलेलं सांगतोय. ऑस्टिनला येऊन मला चार वर्षं झाली होती. शहराबाहेरच्या एका डान्स हॉलमध्ये आमच्या चौघांचा कार्यक्रम होता आणि ऐन वेळी गिटारवाला आजारी पडला. राहिलो तिघं: पेडल स्टील, बास, ड्रम्स. माझं वाद्य तेव्हा दोन नेकांचं होतं, म्हणजे तारांचे दोन संच, प्रत्येकाची जुळणी वेगळी. सी सिक्स्थ जुळणीच्या नेकवर दहावी तार म्हणजे खर्जातला सी, थेट बासच्या हद्दीतला. मी घाबरलेला, म्हणून अंगठ्यानं ती तार बडवत सुटलो. वर कॉर्ड, खाली खर्ज, एकही मात्रा मोकळी नाही. तिसऱ्या गाण्यात केव्हातरी मान वर करून पाहिलं, तर बासवाला वाद्य भिंतीला टेकवून बिअर पीत उभा. दोन आवर्तनं तो वाजवतच नव्हता, आणि मला पत्ता नाही! मध्यंतरात तो एवढंच म्हणाला, "तुला माझी गरज दिसली नाही."

तेव्हापासून खालचा सा मी बासवाल्याला देऊन टाकलाय.

तुझ्यासमोरच्या वाद्याच्या सवयी कुठून आल्या ते लक्षात घे. १९५४ साली कंट्री गायक वेब पियर्सचं 'स्लोली' गाजलं. त्यात स्टीलवाल्या बड आयझॅक्सनं तारा वाजत असतानाच पेडल दाबून सूर सरकवला आणि सगळे स्टीलवाले आपापल्या वाद्यांना पेडल बसवायच्या मागे लागले. पण आयझॅक्सच्या मागे अख्खा बँड होता. दुसरा स्टीलवाला बडी एमन्स, त्यानं १९६३ साली न्यूयॉर्कला जाऊन जॅझवाल्यांबरोबर तबकडी केली, तिथेही त्याच्या पाठीशी बॉबी स्कॉटचा पियानो होता. हे वाद्य एकत्र कुटुंबात वाढलेलं आहे. तिघांच्या बिऱ्हाडात ते एक तर फार बडबडतं, नाहीतर कोपरा धरून बसतं. आपण ऐकून शिकलेल्या बहुतेक लिक्स, म्हणजे तयार छोट्या सुरावटी, त्या भरल्या घरातल्या आहेत. त्या जशाच्या तशा इथे आणू नकोस.

आता हातानं करायची गोष्ट. ई नाईन जुळणीच्या नेकवर फक्त नववी आणि सहावी तार घे. पेडल नाही, लिव्हर नाही. तिसऱ्या फ्रेटवर बार ठेव: एफ आणि बी. बासवाला खाली जी वाजवतोय म्हणजे झाला जी सेव्हन. आता बार एकच घर मागे घे, दुसऱ्या फ्रेटवर: ई आणि बी फ्लॅट. बासवाला सीवर गेला की हा सी सेव्हन. चौथ्या फ्रेटवर एफ शार्प आणि सी, खाली डी आला की डी सेव्हन. जीमधला चार-चार मात्रांच्या बारा घरांचा अख्खा ब्लूज तीन फ्रेटांत आणि दोन तारांत बसला. तुझ्या हातात एकाही कॉर्डचा रूट, म्हणजे मूळ सूर, नाही, तरी ऐकणाऱ्याला तिन्ही कॉर्ड पुरते ऐकू येतात.

यातली गंमत अशी की तेच एफ आणि बी ठेवून बासवाल्यानं डी फ्लॅट वाजवला, तर तू न हलता डी फ्लॅट सेव्हन झालीस. म्हणजे तुझ्या सुरांचा अर्थ तो ठरवतो. हे एकदा कानाला कळलं की त्याच्यावर कुरघोडी करावीशीच वाटत नाही. आठवडाभर तालमीत एवढंच वाजव. कंटाळा येईल. येऊ दे. तुझा बासवाला मात्र दुसऱ्या दिवसापासून वेगळं वाजवायला लागेल बघ. इतके दिवस त्याला जागाच नव्हती.

गिटारवाला गेल्याचा एक फायदा तुझ्या ध्यानात आलेला नाही. मी मिरजेत वाढलो. सतारमेकर गल्लीतून शाळेत जाता-येता जवारी लावतानाचे तानपुरे कानावर पडायचे, त्यामुळे या बाबतीत मी जरा हट्टी आहे. चांगल्या लागलेल्या तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप उमटतो, तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो (अख्ख्या सप्तकाचे सेंट १२००). पियानोचा आणि गिटारच्या पडद्यांचा असतो ४०० वर. याच भांडणापायी आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारं बंद ठेवली होती. (पेटीवर तो अन्याय होता असं माझं मत आहे, पण ते पुन्हा कधीतरी.) स्टीलला पडदेच नाहीत, नुसत्या खुणा आहेत. गिटार शेजारी असताना तुझा गोड गंधार त्याच्या चढ्या गंधाराला घासायचा. आता तो घासणारा सूरच गेला. बास मुख्यतः सा आणि पंचम देतो, तानपुऱ्यासारखा.

म्हणून तिसरी आणि सहावी तार ट्यूनरच्या हिरव्या दिव्यावर सोडू नकोस. ई वाजत ठेवून कानानं थोडी उतरव, दोन सुरांमधली थरथर थांबेपर्यंत. ए पेडलनं पाचवी तार सी शार्पला जाते, तो ए कॉर्डचा गंधार. त्यालाही तोच न्याय. बी पेडलनं मात्र तीच तिसरी तार ए होते, म्हणजे षड्ज होते, तिथे ती बासशी चोख जुळलीच पाहिजे. ते काम कडेच्या पट्टीतल्या नायलॉनच्या नटांनी होतं, खुंट्यांनी नाही. आणि दोन्ही पेडल दाबल्यावर वाद्याचं अंग किंचित वाकतं, ई उतरतो. सगळ्याच वाद्यांत कमी-अधिक होतं, तुझ्यातही होतं, नवव्या मिनिटाला ऐकू येतंय. घाबरू नकोस, बारनं सांभाळायला शीक.

उजव्या पायाबद्दल मला जरा रागावूनच लिहायचं आहे. व्हॉल्यूम पेडल म्हणजे शिवणयंत्र नव्हे. तू प्रत्येक सूर शून्यातून वर काढतेस, ओंजळीतून पाणी सोडल्यासारखा. गायकाच्या मागे छान वाटतं. पण तिघांत, ड्रमरच्या काठीचा आघात जिथे पडतो तिथे तुझा आघातच नाही. तू प्रत्येक वेळी अर्धी मात्रा उशिरा आल्यासारखी वाटतेस. लय तुझी पक्की आहे, हे मला माहीत आहे. पायानं ती लपवली आहे. पुढचे आठ दिवस व्हॉल्यूम पेडल घरी ठेव आणि वाद्य सरळ ॲम्पला जोड. मग ते परत आण, अर्ध्यावर धर, आणि सूर विझायला लागला की हळूहळू दाब. ते पेडल सूर टिकवायला आहे.

तळहातानं तारा बंद करणं याच खात्यातलं. चौघांत थोडं ओघळलेलं खपून जातं. तिघांत राइड सिंबलची, म्हणजे ड्रमरच्या मोठ्या झांजेची, लांब शेपूट आणि तुझ्या मोकळ्या राहिलेल्या तारा यांचा चिखल होतो. कॉर्ड जितका नीट सुरू करतेस तितकाच नीट बंद कर, आणि शक्यतो ड्रमरच्या स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर बंद कर. त्यासाठी त्याच्याकडे बघावं लागेल. डावा पाय पेडलांवर, उजवा व्हॉल्यूमवर, दोन्ही गुडघे लिव्हरांत, मान खाली: आपण स्टीलवाले खोड्यात अडकलेल्या चोरासारखे बसतो. तुझी बैठक अशी लाव की मान जराशी वळवली तरी त्याचा राइडवरचा हात दिसेल. हळू गाण्यांना ब्रश घेशील का, असंही विचार त्याला. बहुतेक ड्रमर विचारायचीच वाट बघत असतात.

बासवाला गातो ती चार गाणी मला सर्वांत आवडली, कारण तिथे तू गप्प बसतेस. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे भरणा करतो ना, तसं: त्यानं श्वास घेतला की दोन सूर, तो आला की बाजूला. एकट्यानं वाजवतानाही तोच खेळ स्वतःशी खेळ. दोन घरं चाल, मग नववी-सहावीचा एक टोला, मग काही नाही. त्या 'काही नाही'मध्ये बास आणि ड्रम्स ऐकू येतात, आणि लोकांना कळतं की स्टेजवर तिघं आहेत. बासचा सोलो आला की मी तर पहिलं आवर्तन हात मांडीवर ठेवून बसतो. तुला भीती वाटेल. दुसऱ्या आवर्तनात वरच्या तारांवर एखादा टोला दे, पाचव्या तारेखाली उतरू नकोस.

ॲम्पवरचा खर्ज कमी कर, रिव्हर्ब (घुमारा) निम्म्यावर आण. बाकी आवाज चांगला आहे.

आठव्या मिनिटाच्या आसपास तुझा बार बहुतेक निसटला आणि तू चार मात्रा थांबलीस. आठवतंय? ड्रमरनं तिथे एक छोटीशी भर घातली, बासवाला सावकाश चालत वर आला, आणि तू दोनच सूर घेऊन परत आलीस. तुला तो घोटाळा वाटला असणार. मी तेवढाच तुकडा चौथ्यांदा लावला.

शनिवारी तालमीला येतो. वाद्याची केस उचलायला माझ्यासाठी थांब, एकटीनं जिन्यावरून आणू नकोस.

तुझा,
काका

ता. क. तिसरी तार ०.०११ ची आहे, ती तुटतेच, आणि आता तुटली तर सांभाळून घ्यायला गिटारवाला नाही. दोन जास्तीच्या तारा आणि नख कापायचं कटर बाकाच्या खणात ठेव. आणि एक गाणं तिसरी तार नाहीच असं समजून, सहावीवर वाजवून बघ.