बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड मेंब्रेनने (पातळ पडद्याने) वेगळा करतात, म्हणजे त्याला तेवढी बारीक भोकं असतात का? आणि मग हेच औष्णिक केंद्राच्या चिमणीला का लावत नाहीत?

भोकं नसतात. खरं काम ज्या थरात होतं त्यात तरी नसावीत. पडली तर ते मॉड्यूल, म्हणजे मेंब्रेनचा तो संच, बाद. मी साखर कारखान्याच्या सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) प्लांटवर असतो. बघायला येणारे बरेच जण हेच विचारतात, कारण वायू गाळायचा म्हटलं की चहाची गाळणीच डोळ्यापुढे येते.

प्रत्यक्षात वायू आधी मेंब्रेनच्या पॉलिमरमध्ये (प्लॅस्टिकसारख्या पदार्थात) विरघळतो आणि मग त्याच्या लांब रेणूंच्या साखळ्यांमधून वाट काढत कमी दाबाच्या बाजूला निघतो. कार्बन डायऑक्साइडला इथे दुहेरी फायदा. रेणू अंगाने बारीक, ३.३ अँगस्ट्रॉम, मिथेनचा (बायोगॅसमधला जळणारा, आम्हाला हवा असलेला वायू) ३.८. शिवाय तो विरघळतोही जास्त, कारण द्रवरूप व्हायला मिथेनपेक्षा कितीतरी सोपा (क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही ते, ३१ अंश सेल्सिअस, मिथेनचं उणे ८२).

मॉड्यूलच्या आत पोकळ तंतूंचा गच्च जुडगा असतो, बहुतेकदा पॉलिइमाइडचा. तंतूची भिंत म्हणजे नुसता आधार. निवड करणारा थर मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. कॉम्प्रेसरचं तेल, पाण्याचे थेंब यांनी त्याची वाट लागते. म्हणून आमचं निम्मं लक्ष मेंब्रेनआधीच्या फिल्टरवर. हायड्रोजन सल्फाइडही आधीच काढून घेतात.

९० टक्के मिथेन मिळवणं (बायोगॅसच्या आयएस १६०८७ या भारतीय मानकाला किमान तेवढं लागतं) हे काही फार अवघड नाही. अवघड आहे ते कार्बन डायऑक्साइडबरोबर मिथेन पळू न देणं. त्यासाठी दोन-तीन टप्पे लावून काही गॅस परत कॉम्प्रेसरकडे फिरवतात, आणि विजेचं बिल वाढतं. विक्रेता फक्त शुद्धता सांगत असेल, तर मिथेन किती वाया जातो ते आधी विचारा. दाब फार वाढवूनही भागत नाही: कार्बन डायऑक्साइडनेच पॉलिमर फुगतो, साखळ्या सैल होतात आणि मिथेनलाही वाट मिळते. नैसर्गिक वायूसाठी १९८०च्या दशकापासून वापरात असलेल्या सेल्युलोज ॲसिटेट या मेंब्रेनच्या पॉलिमरलाही हा त्रास आहेच.

आता चिमणी. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२-१५ टक्के, आणि दाब हवेइतकाच. रेटा देणार कोण? एवढा धूर दाबायचा किंवा पलीकडे निर्वात ठेवायचा, तर केंद्राचीच बरीच वीज त्यात जाते. बायोगॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड ४० टक्क्यांच्या घरात असतो, आणि मिथेन जास्त दाबाच्या बाजूलाच उरतो. सिलिंडर भरायला तो दाब आम्हाला हवाच असतो.