सोळा बोअरची दुनळी आणि २,४५५ डॉलरची यादी

पेन्सिल्वेनियातून एका वाचकाने विचारलं आहे: शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मृत्युपत्रात त्यांची दुनळी माझ्या नावे ठेवली. एल. सी. स्मिथ, १६ बोअर, १९१२ च्या आसपासची. एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्यातून एकदा क्लबवर जाऊन मातीच्या तबकड्यांवर ५० बार टाकतो. या बंदुकीला चालणारी हलकी, आखूड काडतुसं २५ च्या डब्याला २४ डॉलर पडतात, म्हणून ती घरीच भरायची असं ठरवलंय. यंत्र आणि सामान मिळून २,४५५ डॉलर. त्यासाठी मुलीच्या ५२९ खात्यात (कॉलेजच्या खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) जाणारे महिन्याचे ४०० डॉलर सहा महिने थांबवू का? मेहुणा एच-१बी व्हिसावर आहे. तो म्हणतो, अर्धे पैसे मी देतो, तळघरात बसून दोघं मिळून भरू.

५२९ ला हात लावू नका. यंत्र जरूर घ्या, पण तुमच्या यादीतलं नको.

ती यादी मी दोनदा वाचली. यंत्रावर ९५० डॉलर आहेत आणि सामानावर १,५०५. म्हणजे तुमचा प्रश्न यंत्राचा असला तरी जास्त पैसे जाणार आहेत ते कोठारात. ५,००० प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी), ५,००० वॉड (दारू आणि छऱ्यांमधली गादी), छऱ्यांच्या दहा पिशव्या आणि दारूचा आठ पौंडांचा डबा (बंदुकीची दारू, दुसरी असती तर हा हिशेब तुम्ही मला दाखवलाच नसता). तुम्ही वर्षाला ३५० बार टाकता. या वेगाने ५,००० प्रायमर चौदा वर्षं पुरतील. तुमची मुलगी आज सहावीत आहे, तेव्हा ती सव्विशीत असेल.

एवढं एकदम का घेताय, तेही तुम्ही लिहिलंय: दारू आणि प्रायमर ज्वालाग्राही माल असल्याने कुरियरवाले प्रत्येक ऑर्डरला वेगळं शुल्क लावतात, ते एकदाच भरलेलं बरं. हे म्हणजे रिक्षाचं भाडं वाचवायला वर्षाची भाजी एकदम आणण्यासारखं झालं. क्लबमधल्या चौघांत मिळून ऑर्डर द्या किंवा गावातल्या दुकानातून एकेक पौंड आणा. शिवाय लाकडी घरात प्रायमरचा आणि दारूचा साठा म्हणजे विमा कंपनीशी बोलण्याचा विषय. पॉलिसीत काय लिहिलंय ते आधी वाचा.

आता एका काडतुसाचा हिशेब, तुम्हीच पाठवलेल्या दरांनी. छऱ्यांची २५ पौंडी पिशवी ५८ डॉलरला. जुन्या बंदुकीसाठी तुम्ही पाऊण औंसाहून थोडा जास्त, म्हणजे ७/८ औंसाचा हलका भार धरलाय. त्या मापाने एका पिशवीत ४५७ काडतुसं होतात, म्हणजे छरे पावणेतेरा सेंटचे. प्रायमर साडेआठ सेंट. ४२ डॉलरच्या एक पौंड दारूत साधारण ४०० काडतुसं, म्हणजे साडेदहा सेंट. वॉड चार सेंट. रिकामी कवचं तुम्ही दोन मोसम जपून ठेवलीत, ती फुकट. बेरीज ३६ सेंटच्या आसपास, म्हणजे डबा ९ डॉलरला. बाजारचा २४ ला. डब्यामागे १५ वाचले, वर्षाला १४ डबे, म्हणजे २१० डॉलर.

हीच काडतुसं साधी १२ बोअरची असती तर मी तुम्हाला सरळ दुकानात पाठवलं असतं. कारखान्यात लाखांनी निघणाऱ्या मालाशी घरातल्या यंत्राची बरोबरी होत नाही. तुमचा फायदा आहे तो बंदूक अडनिडी असल्यामुळे. त्या काळच्या अमेरिकन १६ बोअरच्या बंदुकांचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, साधारण ६५ मिलिमीटरचे असत. आजचं काडतूस ७० चं. दुमडलेल्या तोंडामुळे ते आखूड दिसतं आणि आत बिनबोभाट बसतंही. पण बार उडाला की तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. शंभरी ओलांडलेल्या नळीवर हा प्रयोग नको.

मग यंत्र कोणतं? ९५० वालं प्रोग्रेसिव्ह यंत्र दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस बाहेर टाकतं. वर्षाला चार-पाच हजार बार टाकणाऱ्यासाठी ते ठीक आहे. तुमचं सगळं वर्षाचं काम चार-पाच संध्याकाळींचं. त्यात आखूड कवचाचं तोंड गोल वळवून बंद करणार असाल तर ते काम वेगळ्या अवजाराने ड्रिलच्या स्टँडवर होतं. म्हणजे ज्या वेगासाठी ज्यादा पैसे मोजायचे, तो वेग शेवटच्या पायरीला अडकणारच.

क्लबमधले ज्येष्ठ सभासद त्यांचं जुनं मेकचं ६०० ज्युनिअर १२० डॉलरला देताहेत ना? तेच घ्या. विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिलची ही कंपनी, यंत्रं ओबडधोबड पण दणकट, सुटे भाग मिळतात, आणि उद्या कंटाळा आलाच तर साधारण घेतल्या किमतीला विकलं जातं. ते १६ बोअरचंच आहे ना, एवढं बघून घ्या. वर छरे-दारू मोजून पाडणारी माप-पट्टी आणि दारूचं माप ठरवणारं तिच्यातलं बुशिंग यांना ४०, तोंड वळवायच्या अवजाराला ६० आणि वजनकाट्याला ४० डॉलर धरा. काटा वगळायचा नाही. बुशिंगवरचा तक्ता एक सांगतो आणि प्रत्यक्षात पडणारी दारू कधीकधी वेगळीच भरते, म्हणून वजन करून बघावंच लागतं. भाराचं प्रमाणही दारूच्या कंपनीने छापलेलंच घ्या, क्लबातल्या गप्पांतलं नको.

सगळं मिळून २६० डॉलर. त्यावर एका मोसमाला पुरून उरेल एवढं सामान २०५. असे ४६५ झाले. काडतुसांवर तुम्ही दरवर्षी ३३६ घालवताच, म्हणजे पहिल्या वर्षी खिशातून जास्तीचे गेले १२९ डॉलर. दुसऱ्या मोसमात यंत्र फिटलं. १२९ डॉलरसाठी मुलीचे २,४०० रोखायचे? त्यावर पेन्सिल्वेनियाच्या आयकरातली वजावटही जाते, ३.०७ टक्क्यांनी ७४ डॉलर कर वाढेल.

मेहुण्याचे पैसे मात्र घेऊ नका, आणि हे मी पैशासाठी म्हणत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा बाळगता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत. आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत नुसती दारू आणि प्रायमरही येतात. ‘बंदूक अँटिक आहे’ ही सबबही चालणार नाही, कारण कायद्याची अँटिकची रेघ १८९८ ला आहे. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या माणसाने वकिलाला विचारल्याशिवाय त्या टेबलाजवळ बसू नये. आणि निवृत्तीनंतर हे सगळं साताऱ्याला नेण्याबद्दल जे ओझरतं लिहिलंय, ते विसरा. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे.

चेंबर कातून ७० मिलिमीटरचं करून घेण्याचा तिसरा पर्याय तुम्ही लिहिलाय. तो मला अजिबात पटत नाही. नेमकं जिथे दाब सर्वांत जास्त, तिथलंच पोलाद पातळ करायचं, आणि वर संग्राहकाच्या नजरेतली किंमतही घालवायची.

यंत्राचे पैसे देण्याआधी बंदूक जाणत्या गनस्मिथकडे न्या. नळीची जाडी आणि चेंबरची लांबी मोजून घ्या. शंभर वर्षांत कुणीतरी ते आधीच कातलेलं असू शकतं. तसं निघालं आणि नळ्या शाबूत आहेत असं त्याने सांगितलं, तर दुकानातलं १८ डॉलरचं ७० मिलिमीटरचं हलकं काडतूसही चालेल. मग बचत डब्यामागे ९ वर, वर्षाला १२६ वर येते आणि यंत्र फिटायला दोन वर्षं लागतात. तेव्हा घ्यायचं की नाही, ते तळघरातल्या त्या संध्याकाळी तुम्हाला किती आवडतील त्यावर. मोजमाप हाती आलं की कळवा.