पांढऱ्या पाठीची गाय : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळची बहुतेक पत्रे एकाच विषयावर आली आहेत. फिनलंडची शिल्पकार मीना अ‍ॅक्कियुर्क्का आणि तिने जिवापाड जपलेल्या देशी गायी यांविषयी वाचकांनी विचारले आहे. पशुपैदास, दूधप्रक्रिया आणि धातुकाम या क्षेत्रांतल्या जाणकारांकडून उत्तरे घेतली आहेत.

मोटारींच्या भंगारातून प्रचंड गायी घडवणाऱ्या या बाई खरोखरच गायी पाळत होत्या का? त्या गायींत एवढे वेगळे काय? (कोल्हापूर)

हो, आणि हौसेखातर दारात बांधलेली एखादी गाय नव्हे, तर पैदाशीचा कळप. 1949 साली जन्मलेल्या अ‍ॅक्कियुर्क्का यांचे मूळ नाव रीता लोइवा. चित्र असो की शिल्प, त्यांचा विषय गायच असतो, त्यातही कालवड. हेलसिंकीच्या पूर्वेला वुओसारी भागात स्काता नावाचे जुने शेतघर आहे. तिथे त्यांचे काम चाले आणि गायीही असत. त्या जागेवरून त्यांचा नगरपालिकेशी वर्षानुवर्षे वाद झाला आणि फिनलंडच्या वर्तमानपत्रांत तो गाजला.

त्यांची गाय म्हणजे पूर्व फिनिश गाय, तिकडच्या बोलीत क्यूत्तो. दोन्ही बाजू तांबड्या, पाठीवरून माथ्यापासून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा, पोटही पांढरे. बहुतेक गायींना जन्मतःच शिंगे नसतात. बांधा लहान. फिनलंडमध्ये देशी गायींचे तीन प्रकार आहेत : पश्चिमेची एकरंगी तांबूस-तपकिरी, पूर्वेची ही पट्ट्याची, आणि उत्तरेची लॅपलंडकडची पांढरी, जिचे कान आणि मुस्कट तेवढे रंगीत. तिघी उत्तरेकडच्या लांब हिवाळ्यात आणि जंगलातल्या विरळ चाऱ्यावर घडलेल्या. तिथे गाय वर्षातले सहा-सात महिने गोठ्यातच असते. म्हणून उन्हाळ्यात तिला बाहेर सोडण्याला फार महत्त्व आहे. दावणीला बांधलेल्या दुभत्या गायी उन्हाळ्यात ठरावीक दिवस बाहेर सोडल्याच पाहिजेत, असा तिथे नियम आहे.

एवढ्या काटक गायी संपत कशा आल्या? रोग आला होता का? (बीड)

रोग नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून स्कॉटलंडची आयरशायर फिनलंडमध्ये येऊ लागली. तिच्याशी टक्कर देण्यासाठी देशी गायींच्या वंशनोंदणीच्या संस्था उभ्या राहिल्या : पूर्वेच्या गायीची 1898 मध्ये, पश्चिमेची 1904 मध्ये, उत्तरेची 1905 मध्ये. पुढे युद्ध झाले. कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांवर माणसे घरदार सोडून आली. पूर्वेच्या गायीच्या मूळ मुलखाचा एक भागच तुटला. 1940च्या दशकात तिन्ही नोंदण्या एकत्र केल्या आणि जास्त दूध देणाऱ्या पश्चिमेच्या वळूंचा वापर बाकी दोघींवर सुरू झाला. कृत्रिम रेतनामुळे हे काम फार वेगाने झाले, कारण एक वळू हजारो गायींपर्यंत पोचू लागला. 1960च्या दशकात काळी-पांढरी फ्रीजियनही आली. 1980च्या दशकात पूर्वेच्या गायी जेमतेम 50 आणि वळू दहाहून कमी उरले.

शेतकऱ्याला दोष देता येत नाही. आज तिथे नोंदणीतल्या आयरशायर-होल्स्टीन गायींची सरासरी वर्षाला दहा हजार किलोच्या आसपास आहे, तर पूर्वेची गाय सुमारे चार हजार किलो देते. दुधाच्या पैशावर घर चालणार असेल तर हा फरक कोण सोसेल?

फिनलंडच्या तुरुंगांत गायी जपल्या, हे खरे का? (ठाणे)

खरे आहे. 1980च्या दशकात उरलेली जनावरे शोधून सुकेवा तुरुंगाच्या शेतावर पूर्वेचा आणि पेल्सो तुरुंगाच्या शेतावर उत्तरेचा कळप उभा केला. पुढे हे काम शेतीशाळांकडे गेले. पूर्वेचा कळप कायानीच्या शाळेत, उत्तरेचा लॅपलंडमध्ये आणि पश्चिमेचा ताम्पेरेच्या आल्मन शाळेत आहे.

पशुविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. 50 गायी आणि दहा वळू उरले असतील तर जात वाचते का? आकडा कसा काढतात? (परभणी)

डोकी मोजून भागत नाही. पैदाशीच्या हिशेबात कळपाचा ‘परिणामी आकार’ काढतात : वळूंची संख्या गुणिले गायींची संख्या गुणिले 4, आणि येणाऱ्या आकड्याला वळू व गायी यांच्या बेरजेने भागायचे. 10 वळू आणि 50 गायींसाठी 2000 भागिले 60, म्हणजे सुमारे 33. दर पिढीला वाढणारे अंतःप्रजनन म्हणजे 1 भागिले या आकड्याची दुप्पट, इथे दीड टक्का. ते 1 टक्क्याच्या आत ठेवायचे तर परिणामी आकार निदान 50 लागतो.

आता हेच गणित उलटसुलट करून पाहा. वळू दहाच ठेवून गायी दुप्पट, म्हणजे 100 केल्या, तर आकडा 33 वरून फक्त 36 वर जातो. गायी 50 ठेवून वळू 20 केले, तर तो 57 होतो. एकच वळू आणि 100 गायी असतील तर उत्तर येते चार! गोशाळांची मोठी चूक इथेच होते. गायी वाढवत नेतात आणि दहा वर्षे एकाच वळूवर कळप चालवतात. दुर्मिळ जातीत खरी टंचाई वळूंची असते.

हे सूत्रही आशावादी आहे. प्रत्येक वळूची वासरे सारखी आहेत असे ते धरून चालते. प्रत्यक्षात एखादा देखणा वळू सगळ्यांना हवा असतो, त्याची वासरे भरमसाट होतात आणि खरा आकडा खाली येतो. म्हणून पैदाशीचे नियम असे ठेवावेत. प्रत्येक वळूची जागा त्याच्या एका मुलाने घ्यावी, एकाच बापाचे चार गोऱ्हे ठेवू नयेत. बाप-मुलगी किंवा सख्खी भावंडे एकत्र आली तर वासराचे अंतःप्रजनन 25 टक्के होते. सावत्र भावंडे किंवा आजोबा-नात यांचे साडेबारा टक्के. वासरे अशक्त निघणे, गाय वारंवार उलटणे म्हणजे रेतन करूनही गाभण न राहणे, वळूचे वीर्य पातळ पडणे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसू लागेपर्यंत दोन पिढ्या हातच्या गेलेल्या असतात.

पाच-सहा कळप असतील तर वळू फिरवण्याची सोपी रीत आहे : पहिल्या कळपाचा गोऱ्हा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, शेवटच्याचा पहिल्यात. दर दोन वर्षांनी फिरवावे, म्हणजे पोटच्या कालवडी माजावर येण्याआधी बाप पुढच्या कळपात गेलेला असतो. आणि सगळी जनावरे एका ठिकाणी कधीच ठेवू नयेत. आग, साथ, जागेचा वाद, पाळणाऱ्याचे आजारपण, यांपैकी काहीही एका रात्रीत कळप घालवू शकते. स्कातासारख्या जिव्हाळ्याने जपलेल्या कळपालाही हीच भीती असते.

वीर्य आणि भ्रूण गोठवून ठेवले की काम झाले ना? (नाशिक)

निम्मे झाले. द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर वीर्य कितीही वर्षे टिकते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार परस्परांशी जवळचे नाते नसलेल्या साधारण 25 वळूंचे वीर्य साठवावे. पण जात नुसत्या वीर्यातून परत उभी करायची तर दुसऱ्या जातीच्या गायी घ्याव्या लागतात. पहिल्या पिढीत निम्मे रक्त, मग 75 टक्के, साडेसत्याऐंशी, पावणेचौऱ्याण्णव, आणि पाचव्या पिढीत सुमारे 97. पिढीला तीन वर्षे धरली तरी पंधरा वर्षे गेली. शिवाय फक्त आईकडून येणारा वारसा परत मिळत नाही. भ्रूणात तो असतो, पण भ्रूण महाग पडतात.

गावपातळीवर बिघाड होतो तो हाताळणीत. वीर्याची कांडी नायट्रोजनच्या पात्राच्या गळ्यापेक्षा वर काढू नये. चिमट्याने उचलण्याचे काम दहा सेकंदांत उरकावे. वितळवायला 37 अंशांचे पाणी घ्यावे, तापमापी लावूनच, बोट बुडवून नाही. त्यात कांडी 30 सेकंद ठेवावी. मग कोरडी पुसावी, कारण पाण्याचा थेंब आत गेला तर शुक्रजंतू मरतात. पंधरा मिनिटांत रेतन करावे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. पात्राच्या बाहेरच्या अंगाला दव किंवा बर्फ जमू लागले तर आतली निर्वात पोकळी गेली असे समजून त्याच दिवशी माल दुसऱ्या पात्रात हलवावा. पट्टी बुडवून नायट्रोजनची पातळी दर आठवड्याला मोजून लिहून ठेवली, तर हा बिघाड आधीच कळतो.

मोटारींच्या पत्र्यातून शिल्प करायचे आहे. जोडकाम करताना पत्र्याला भोके पडतात. (नागपूर, कलाशिक्षणाचा विद्यार्थी)

मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर असतो. सलग जोड ओढलात तर तो जळणारच. सांगाडा आधी जाड पाइपचा करा आणि सगळा भार त्यालाच पेलू द्या. पत्रा म्हणजे नुसती कातडी. मिग वेल्डिंगला 0.6 मिलिमीटर तार वापरा. दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर टाके मारा, एक टाका इकडे, पुढचा लांब तिकडे, आणि पत्रा हाताला गार लागल्यावरच मधले भरा. नाहीतर पत्रा लाटांसारखा वळतो.

जोडाच्या दोन्ही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर रंग आणि जस्ताचा थर घासून काढा. जस्ताचा धूर छातीत गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो. काम उघड्यावर किंवा धूर ओढणाऱ्या पंख्याजवळ, योग्य मुखवटा लावून करा. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी कापू नका, आत वाफ असते. एअरबॅगचे भाग भंगारवाल्याकडूनच काढून घ्या. दारांमधले खांब अतिकठीण पोलादाचे असतात, त्यांवर पाती वाया घालवू नका.

पोटाच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला भोके ठेवा. आत साचलेल्या पाण्याने शिल्प आतूनच गंजते. आणि आकार चुकू द्यायचा नसेल तर गोठ्यात बसून रेखाटने करा. पाठीची रेषा कमरेच्या हाडाशी कुठे मोडते आणि पुढचा पाय उचलताना खांदा किती सरकतो, एवढे साधले की बॉनेटचा तुकडासुद्धा गाय दिसतो. अ‍ॅक्कियुर्क्का यांच्या कामाचा जिवंतपणा त्यांच्या या रोजच्या ओळखीतून आला आहे, असे आम्हाला वाटते.

दूध कमी, तर मग शेतकऱ्याला या गायीत काय फायदा? (सांगली)

दोन-तीन ठिकाणी आहे. युरोपीय संघात गेल्यापासून फिनलंडमध्ये देशी जात पाळणाऱ्याला अनुदान मिळते. जंगलातली जुनी कुरणे झाडोऱ्याने भरून जाऊ नयेत म्हणून या हलक्या गायी चरायला सोडतात, त्यांच्या खुरांनी ओली जमीन कमी तुडवली जाते. आणि दुधाचे चीज. दुधातल्या कॅपा-केसीन प्रथिनाचा ‘बी’ प्रकार असेल तर दही घट्ट आणि लवकर बसते, ‘ई’ प्रकारात ते ढिले राहते. फिनलंडच्या आयरशायरमध्ये ‘ई’ बराच आढळतो आणि काही गायींचे दूध रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध बसवणारे विकर, घालूनही नीट बसत नाही. देशी गायींत ही अडचण कमी.

तिकडचे भाजलेले चीज, लेइपायुस्तो, घरी करता येते. पूर्वी ते आपल्या खरवसासारखे चिकाच्या दुधाचे करत. 10 लिटर दुधाचे साधारण किलोभर होते. दूध 37 अंशांपर्यंत गरम करा, एक मोठा चमचा मीठ घाला, बाटलीवरच्या मात्रेने रेनेट गार पाण्यात मिसळून ओता, 30 ते 40 मिनिटे हलवू नका. सुरीने कापून हळू ढवळा, फडक्यात निथळा, दोन-तीन सेंटिमीटर जाडीची भाकरी थापा आणि 250 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन्ही बाजूंनी तपकिरी ठिपके येईपर्यंत भाजा. पिशवीचे अतितापवलेले दूध बसत नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननेही रेनेट मंदावते, म्हणून पाणी उकळून गार केलेले घ्या.

या गायींचे वीर्य आणून आपल्या गायींवर वापरावे का? (सोलापूर)

नको. ती बिनवशिंडाची, थंडीची गाय आहे. आपल्या उन्हात आणि गोचिडांत तिचे गुण उपयोगी पडत नाहीत, आणि आपली जात मात्र पातळ होते.

आमच्याकडे डांगी जातीच्या गायी आहेत. फिनलंडच्या अनुभवातून आम्ही नेमके काय करावे? (अकोले)

डांगीची स्थिती क्यूत्तोइतकी बिकट नाही, म्हणून आत्ताच करणे स्वस्त आहे. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. वासरू झाले की त्याच आठवड्यात वहीत लिहा : बिल्ला, आईचा बिल्ला, बापाचे नाव किंवा बिल्ला, तारीख, रंग. बाप माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असेच लिहा. अंदाजाने लिहिलेली वंशावळ रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट.

पंचक्रोशीतल्या वळूंची यादी करा आणि कोण कोणाचा मुलगा हे जुन्या माणसांना विचारून टिपून घ्या. राजूर आणि घोटीच्या बाजारात जनावरे एकत्र येतात, तिथे हे काम एका दिवसात बरेच पुढे सरकते. पाहायचे काय? अंगावर तेलकट झाक, काळे कठीण खूर, पावसात चिखलात चालण्याची ताकद. नुसत्या रंगावर वळू निवडू नका. खोंडांचे खच्चीकरण घाईने करू नका. प्रत्येक वळूचा निदान एक मुलगा दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत राखून ठेवा, आणि बापाची जागा घ्यायची वेळ आली की तो शेजारच्या गावाला द्या, त्यांचा आपल्याकडे घ्या.