ऐकून गिटार उचलावीशी वाटेल अशी गाणी

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. तुमचा होडीवर जाणारा गिटारवाला गणपतीपासून "माका काय सुचना नाय" म्हणत बसलाय आणि त्याला पुन्हा लिहितं करायला तू मेटलचा, म्हणजे जड गिटारच्या रॉकचा, एक मिक्स (निवडक गाणी ओळीने लावून) करायला घेतलास, हे वाचून फार बरं वाटलं. बँडमध्ये एकमेकांची अशी काळजी घेणारे थोडे असतात. यादीतली गाणीही एकापेक्षा एक सरस आहेत. तरी ती जशीच्या तशी त्याला देऊ नकोस.

त्यातली निम्मी गाणी ऐकली की हातातली गिटार खाली ठेवावीशी वाटते. कुठे डोळे फिरवणाऱ्या वेगाचा सोलो, कुठे दर दोन ओळींनी बदलणारा ताल, कुठे एकावर एक चढवलेले गिटारचे थर. नुसतं ऐकायचं असेल तर अशी गाणी सुखच देतात. पण जो आधीच अडलाय त्याला ती एवढंच सांगतात की हे तुझ्या आवाक्यातलं नाही. लिहिणाऱ्याला असं गाणं हवं ज्याचे सांधे दिसतात, कुठे काय जोडलंय ते दोन-तीनदा ऐकल्यावर कळतं आणि ऐकता ऐकताच हात गिटारकडे जातो. यादीतल्या प्रत्येक गाण्यापाशी थांब आणि विचार कर, हे ऐकून तो गिटार उचलेल की ठेवेल? ठेवेल असं वाटलं तर ते तुझं कितीही लाडकं असो, काढून टाक. मेटालिकाचं 'ओरायन' तू वर लिहिलंयस ते का, हे मला कळतं. त्यात त्यांच्या क्लिफ बर्टनचा बेस (खालच्या सुरांची गिटार) ऐकून कुठल्याही बेसवाल्याचा जीव हरखतो. पण ते तुझं गाणं झालं. त्याला पुढे कधीतरी ऐकव.

सुरुवात ब्लॅक सबाथपासून कर. पहिला अल्बम, १३ फेब्रुवारी १९७०, आणि त्यातलं पहिलंच गाणं, ज्याला बँडचंच नाव आहे. आधी पाऊस, गडगडाट, लांबून येणारी चर्चची घंटा. मग गिटार. घरात पेटी असेल तर वाजवून बघ. सा, मग वरचा सा, मग खाली येऊन तीव्र मध्यम, आणि तिथे थरथरत थांबायचं. बस, एवढंच. जिथे कानाला पंचम हवासा वाटतो तिथे त्याच्या अर्धा सूर अलीकडेच थांबल्यावर जी बेचैनी येते, तिच्यावर सहा मिनिटांच्या गाण्याचा बहुतेक भार आहे. शेवटाकडे ते उधळतं, पण तोवर हेच तीन सूर पुन्हा पुन्हा येत राहतात. हे नीट ऐकलेला माणूस "माझ्याकडे रिफ नाही" (रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) असं सहसा म्हणत नाही, कारण तीन सूर कुणाकडेही असतात.

त्या गिटारमागची हकीकतही त्याला सांग. सबाथचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या आणि पुढे १९७१ च्या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी गिटार तीन सेमीटोन (अर्धे सूर) खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांचा त्रास कमी झाला आणि आवाज जड झाला. आज जगभरच्या पोरांना जो आवाज मेटलचा म्हणून माहीत आहे, त्याच्या मुळाशी एका कामगाराने आपल्या दुखऱ्या बोटांसाठी काढलेली वाट आहे. ज्याच्या तळहाताला दोर ओढून घट्टे पडलेत, त्याला हे माझ्या-तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

दुसरं गाणं आखूड हवं. मोटरहेडचं १९८० चं 'एस ऑफ स्पेड्स' घे, तीन मिनिटांच्या आत आटोपतं. अडलेला माणूस मनात नेहमी फार मोठं गाणं रचत असतो आणि त्याखालीच दबतो. स्लेयरचा १९८६ चा 'रेन इन ब्लड' हा अख्खा अल्बम, दहा गाणी धरून, जेमतेम २९ मिनिटांचा आहे, हेही त्याला बोलता बोलता सांगून ठेव.

आता जिथे तो खरा अडलाय तिथे येऊ. तू लिहिलंस की त्याच्याकडे कडवी आहेत, पण ध्रुवपद काही केल्या येत नाही. मग त्याला ध्रुवपदच नसलेलं गाणं दे. आयर्न मेडनचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह'मधलं. साडेतेरा मिनिटांहून मोठं आहे आणि तरीही या मिक्समध्ये ते हवंच. कोलरिजची १७९८ ची कविता आहे. एक खलाशी विनाकारण पक्षी मारतो आणि जहाजावर शाप येतो. वारा पडतो, जहाज जागच्या जागी थिजतं, सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, सोबती एकेक करून मरतात. गाणं ही गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगत जातं, मागे फिरून तीच ओळ म्हणायला थांबत नाही. मध्यावर सगळा दणदणाट बंद होतो. उरतो बेस, लाकडाची करकर आणि कवितेच्या ओळी सांगणारा एक आवाज. रात्री इंजिन बंद केल्यावर होडीत जो आवाज उरतो तो त्याने जन्मभर ऐकलाय. त्या आवाजाचंही गाणं होतं, हे मात्र त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हे गाणं रचणारा स्टीव्ह हॅरिस बेस वाजवतो. सबाथच्या बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिणारा गीझर बटलरही बेसवालाच. हे तुझ्यासाठी लिहितोय. तू मिक्स करून बाजूला होणार असशील तर होऊ नकोस. वहीत चार ओळी तूही लिही.

आणि त्याची वही. तू फोटो पाठवलास तो मी दोनदा वाचला. बर्फ, दगडी गढ्या, ड्रॅगन, उत्तरेचा वारा. लिहायचा हात चांगला आहे, पण ज्याने बर्फ फ्रीजमध्येच पाहिला त्याने हिमवादळावर किती लिहायचं? म्हणून मिक्सच्या दुसऱ्या भागात अशी माणसं बसव ज्यांनी आपल्या दारातलं घेऊन मेटल केलं.

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्याकडचा गोजिरा हा बँड घे. २००५ च्या अल्बममधलं 'फ्लाइंग व्हेल्स' देवमाशांच्या आवाजाने सुरू होतं, कितीतरी वेळ गिटार सौम्यच राहते आणि मग एकदम सगळं अंगावर येतं. न्यूझीलंडचा एलियन वेपनरी घे. २०१८ मध्ये 'तू' नावाचा पहिला अल्बम आला तेव्हा ती पोरं विशीचीही नव्हती आणि बरीचशी गाणी माओरीत. त्यांचं 'राउपातू' हे गाणं १८६३ च्या कायद्यावर आहे, ज्याच्या आधारे माओरींच्या जमिनी सरकारने घेतल्या. जुना कायदा, गेलेली जमीन आणि आजीच्या भाषेतला संताप. आपल्याकडे सातबारा आणि कुळकायद्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पोराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मुंबईचा डेमोनिक रिझरेक्शन तर हवाच. २०१७ चा त्यांचा अल्बम 'दशावतार'. एकेका अवताराचं एकेक गाणं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. शब्द इंग्रजी, बाज पूर्ण एक्स्ट्रीम मेटलचा. मत्स्य निवड, समुद्रावरच्या माणसाला तोच जवळचा.

हे वाचून तुला जत्रा आठवलीच असेल. मी दशावताराला साउंड लावतो, त्यामुळे आडदशावतारातला (मुख्य नाटकाआधीच्या भागातला) संकासुर मला स्टेजच्या कडेने दिसतो. रात्र बरीच झालेली असते, पुढे बसलेली पोरं पेंगायला लागलेली. पेटीवाला एक सूर धरून ठेवतो, मृदंगावर थाप पडते, झांज सुरू होते आणि काळ्या पोशाखातला संकासुर उडी घेऊन येतो. पेंगलेली पोरं ताठ बसतात. माइकवर मृदंगाचा खालचा आवाज मी थोडा वाढवून ठेवतो, तो पोटात जाणवतो. आणि हा वेद पळवणारा राक्षस बोलतो आपली मालवणी. देवाच्या तोंडी शुद्ध मराठी, राक्षसाच्या तोंडी मालवणी! तुमच्या गिटारवाल्याला ग्राउल (मेटलमधलं गुरगुरत गाणं) कुठल्या भाषेत करायचं हा प्रश्न पडलाय ना? मला तर उत्तर जत्रेच्या स्टेजवर उभं दिसतं. एखाद्या जत्रेतली संकासुराच्या प्रवेशाची दोन मिनिटं माझ्याकडे रेकॉर्ड केलेली आहेत, ती पाठवतो. गोजिरा आणि 'मत्स्य' यांच्या मधोमध टाक. पाहुणा आल्यासारखं वाटणार नाही.

लिहायला विषयही काही लांब नाहीत. बंदी असूनही मासे ओढायला रात्री समुद्रात पेटणारे एलईडीचे दिवे किनाऱ्यावरून दिसतात आणि सकाळी लहान होडीवाल्याच्या जाळ्यात काही नसतं. मेटलला जो राग लागतो तो त्याच्या घरात रोज जेवणाच्या वेळी बोलला जातो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आहे. उत्तरेकडे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोलीकडे पोफळी आणि माड कसे आडवे झाले ते सगळ्यांनी पाहिलं. हे विषय त्याला तू सुचवू नकोस मात्र. सुचवलेला विषय शाळेतल्या निबंधासारखा अंगावर येतो. गाणी नीट निवडलीस तर ती त्याला आपसूक तिथे नेतील.

लांबी पाऊण तासाच्या आत-बाहेर ठेव. आमच्या वेळी नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असायची आणि तेवढं एका बैठकीत ऐकून होतं. वर सांगितलेली सहा गाणी आणि ते रेकॉर्डिंग मिळून तेवढं भरेल. तुला एखादं घालायचं असेल तर एक काढून घाल. शफलवर ऐकू नकोस असं त्याला बजाव. सबाथच्या पावसानंतर मोटरहेडचा दणका आणि त्यानंतर ती लांब समुद्रसफर, हा क्रम मोडला तर अर्धी मजा गेली.

मोबाइलच्या स्पीकरवर तर अजिबात नको. त्या स्पीकरमधून बेस येतच नाही, म्हणजे मिक्समधला तुझा सगळा हेतूच गळून जातो. तुझे हेडफोन आठवडाभर त्याला दे. प्रत्येक गाण्याबरोबर एकच ओळ लिही, कान कुठे लावायचा तेवढं सांगणारी. "यात तिसरा सूर ऐक." "इथे सगळे थांबतात तेव्हा काय उरतं ते बघ." गाण्याची थोरवी सांगत बसू नकोस, अल्बमची माहिती नको, तुला काय वाटतं तेही नको. आयोमीची हकीकत तेवढी तोंडी सांग, चहा पिताना.

सगळ्यात शेवटी त्याचाच एखादा अर्धवट रिफ टाक. तुझ्या फोनमध्ये तालमींची रेकॉर्डिंग आहेत, त्यात शोध. मला आठवतं त्याप्रमाणे दिवाळीच्या आसपास त्याने खालच्या तारेवर पाम म्यूट करून (तळहाताने तार दाबून) काहीतरी वाजवलं होतं, एक लांब आणि दोन आखूड, शिमग्याच्या ढोलासारखं, आणि मग "ह्या काय नाय" म्हणून सोडून दिलं होतं. ते जसं आहे तसंच ठेव, मागे पंख्याचा आवाज असला तरी. त्याच्यापुढे ओळ लिहू नकोस.

वेळही आत्ताची चांगली आहे. १ जूनपासून ६१ दिवस मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारल्या की त्याच्याकडे जाळी दुरुस्त करण्यापलीकडे मोठं काम नसतं आणि त्या कामात हात गुंतले तरी कान मोकळे असतात. पहिल्याच आठवड्यात दे. दिल्यावर "काय लिहिलंस?" असं विचारू नकोस, महिना झाला तरी नाही.

तो काहीतरी घेऊन आला की ड्रमरला लगेच बोलावू नका. आधी तुम्ही दोघंच बसा. तो वाजवेल तेव्हा तू फक्त मूळ सूर धर, संपूर्ण रिफभर तोच एक सूर, काहीही सजवू नकोस. त्याला आपला रिफ नीट ऐकू यायला हवा. तुला काही बदल सुचला तरी दुसऱ्या दिवशी सांग. आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव, कारण पहिल्यांदा हात चुकून जे वाजतं ते नंतर मुद्दाम वाजवायला गेलं तर सापडत नाही.

पुढच्या आठवड्यात कुडाळला येतोय, त्याच्यासाठी तारांचा सेट घेऊन येईन. गिटार कुठल्या ट्यूनिंगला ठेवलीय तेवढं त्याला विचारून कळव. ड्रॉप डी (फक्त खालची तार एक सूर उतरवलेली) असेल तर दहाच्या जाडीचा चालेल, त्याहून खाली उतरवली असेल तर अकराचा किंवा बाराचा लागेल.

तुझा,
काका